पहिल्या तोड्याचा दुधी

आबा, आज सकाळी आमच्या सुनेनं एक दुधी टाकून दिला. मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून लसूण सोलत होते. तिनं दुधीचं डेख कापलं, एक पातळ चकती जिभेला लावली, थू करून बेसिनमध्ये थुंकली आणि म्हणाली, "आई, कडू आहे हा. टाकते. बटाटा करू का?" आणि टाकला की हो! कचऱ्याच्या बादलीत, धप्पकन. हात धुतले आणि बटाटे घेतले. झालं, संपलं. माझ्या हातातली पाकळी हातातच राहिली, आबा. छातीत असं धडधडायला लागलं की तीच घाबरली. "आई, बीपी वाढलं का? पडता का जरा?" मी म्हटलं काही नाही गं, आणि गॅलरीत येऊन बसले. काय सांगू तिला? की दुधी कडू निघाला तर तो टाकून द्यायचा असतो, एवढं सोपं असतं ते, हे मला आज या वयात डोळ्यांनी बघून कळलं? हसेल ती. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला सहीपुरतं येत होतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायची. आता हे लिहायचंही मीच आणि वाचायचंही मीच. सून दोनदा डोकावून गेली, काय लिहिताय म्हणून. वाणसामानाची यादी, म्हटलं.

कन्हेरीच्या वरच्या अंगाला आपली ती वस्ती. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरांमागं फिरणारी माणसं, मेंढरं विकून एका विहिरीभोवती बसली. खाली कालव्याकडची रानं उसानं हिरवीगार, आणि आपल्याकडं मुरूम, थोडी काळी, आणि एक विहीर, तीही उन्हाळ्यात तळ दाखवणारी. प्रत्येकाच्या वाट्याला चार वाफे. आई गेली तेव्हा मी परकर सांभाळायच्या वयाचीही नव्हते. तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत, चूलही पेटवलीत आणि माझी वेणीही घातलीत, वाकडी का होईना. पण वस्तीत तुमचं नाव होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पावसाळ्यात कुणी कुठली भाजी लावायची, ते आबा ठरवायचे.

मृगाच्या आधी, उन्हं अजून पोळत असताना, एका सकाळी मी अंगण सारवायचं आणि तुम्ही त्यावर चुलीतल्या राखेनं सगळ्यांची रानं काढायचा. मधोमध पालथा तांब्या, म्हणजे विहीर. राखेच्या रेघा म्हणजे बांध. मग वस्तीतली माणसं भोवती उकिडवी बसायची आणि तुम्ही एकेका तुकड्यावर एकेक बी ठेवत जायचा. मुरमाड तुकडा तिथं गवार. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात काही नाही, तिथं चवळी सुद्धा कुजते. वांगी-मिरचीचं रोप गादीवाफ्यावर, तेही सगळ्यांचं एकाच्याच रानात, म्हणजे राखण एकाची. दोघा शेजाऱ्यांनी एकच भाजी करायची नाही, आणि भेंडी करायचीच असेल दोघांना, तर एकानं मृगात टोकायची आणि दुसऱ्यानं पुढच्या नक्षत्रात. "सगळ्यांची एकदम बाजारात गेली तर आपलेच लोक आपलाच भाव पाडत्यात," असं तुम्ही म्हणायचा. आणि श्रावणात पाऊस दडी मारणारच, हे धरूनच तुमचं सगळं चालायचं. विहिरीच्या पाळ्या त्या हिशेबानं. एके वर्षी कोंबडीनं येऊन एका तुकड्यावरची गवारच खाल्ली. ज्याचा तुकडा तो चुलता खवळला, "माझी गवार गेली की!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग यंदा दोडका कर. कोंबडीच न्हाय म्हंतीया." अख्खी वस्ती हसली, आणि त्यानं खरंच दोडका केला, वर चांगला पिकला.

त्या राखेच्या रानांत सगळं असायचं, आबा. विहीर, बांध, पाणी वाहायची वाट, बाभळीची सावली कुठवर पडते तेही. फक्त कुंपण नसायचं. कुंपण कुणाच्याच वाट्याचं नव्हतं, मग ते काढायचं कशाला? आणि आपल्या कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल होता. मेंढरं गेली तरी तो वेल काही आपण सोडला नव्हता. पूर्वी त्याच्या वाळल्या तुंब्यात पाणी न्यायचे माळावर. आता तुंबा कमरेला बांधून पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचे. मीही तशीच शिकले. तुम्ही मला काठावरनं ढकललंत, मी बोंब मारली, आणि तुंब्यानं मला वर आणलं. तुम्ही वरनं ओरडताय, "हात मार! तुंबा हाय पाठीला, बुडत न्हाईस तू!" त्या भोपळ्याची कवची दगडासारखी, आत गर असा कडूजहर की गुरं सुद्धा हुंगून पुढं जायची. तो कडू, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर तुमचा दुधीचा मांडव होता. मधमाश्या दोन्हीकडं फिरत होत्या, आणि त्यांना कोण विचारणार, कुठनं आलीस म्हणून?

माझं लग्न झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात मांडवाच्या कुंपणाकडच्या बाजूला एक दुधी असा काही पोसला होता की तुम्ही तो बियाण्यालाच राखलात. वाळवलात, फोडलात, बी राखेत घोळवून ठेवलंत. आणि पुढच्या मृगाला, मी इंदापूरकडं सासरी गेलेली, तुम्ही त्या एका फळाचं बी मूठमूठ करून सगळ्या वस्तीला वाटलंत. त्या वर्षीच्या राखेवर म्हणे जागोजाग दुधीचं बी होतं. तुमचाच नियम तुम्ही मोडलात, कारण फळच तसं होतं. नव्वदीची मधली सालं ती. पुण्याहून व्यापारी बारामतीच्या यार्डात टेम्पो घेऊन यायला लागले होते, दुधीला मागणी होती. तुमची चूक तरी कशी म्हणू मी? चांगल्या फळाचं बी राखायचं, हेच तर सगळे करतात.

पण रीत आपली. ती आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो. पहिल्या तोड्याची भाजी घरात खायची नाही. पहिलं फळ बिरोबापुढं, बाकीचा तोडा सासरी गेलेल्या लेकींना, आणि त्यानंतर घरची चूल. म्हणजे पिकवणाऱ्याच्या जिभेला ती भाजी सगळ्यात शेवटी लागायची. आणि वर दुसरी रीत, लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. दोन्ही रीती मायेच्याच, कोण नाही म्हणतंय? दोन्ही मिळून माझ्या जिवावर उठल्या.

नागपंचमीच्या आधी तुम्ही आलात. एसटीनं, खांद्यावर पिशवी. मी दारातनं तुमचा फेटा पाहिला आणि अशी धावले की आत्याबाई, माझ्या सासूबाई हो, मागनं म्हणाल्या, "अगं पडशील, बाप काय पळून चाललाय व्हय?" आमचं घर उसाचं, कारखान्याचे सभासद, दारात ट्रॅक्टर. आत्याबाई वाईट नव्हत्या. पण जीभ तिखट, आणि माहेरावरनं बोलायची हौस भारी. तुम्ही ओट्यावर बसलात, पिशवीतनं दुधी काढलेत, तळहातावर तोलून दाखवलेत. जरा पोटाळ होते, बुडाशी फुगलेले. तुम्हाला त्याचंच कौतुक. "विहीणबाई, असा दुधी बारामतीच्या बाजारात बघाया मिळायचा न्हाय. पहिला तोडा हाय." आत्याबाई म्हणाल्या, "व्हय का? ऊस न्हाय तुमच्याकडं, मग भाजी तरी चांगली पायजेच की." तुम्ही हसलात. मी आत जाऊन चहा आणला. तुम्ही कप कपाळाला लावलात आणि खाली ठेवलात. "नातवंड हुंदे, मग जेवायलाच बसतो." पंचमीला मला न्यायचं विचारलंत, आत्याबाई लगेच हो म्हणाल्या. मग तुम्ही एसटी स्टँडवरच्या टपरीवर चहा प्यायला निघून गेलात. मला अजून दिसतंय, तुम्ही वळून हात केलात आणि रिकामी पिशवी काखेत मारलीत.

मी लगेच विळी घेतली. लसूण, लाल तिखट, शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडं भाजी चाखून बघायची पद्धत नव्हती, उष्टं होतं म्हणून. पण माहेरची भाजी, आबा! मी इकडंतिकडं बघून कढईतली एक फोड तोंडात टाकली. अगं आई गं! कारलं मला माहीत होतं. हे कारलं नव्हतं. जीभ घशात पळाली. मला आधी वाटलं, तोंडच आलंय माझं. पाणी प्यायले, दुसरी फोड घेतली. तशीच. मी चुलीपुढं दगड झाले. तुमचा दुधी कडू? तुम्ही तळहातावर तोललेला? बाहेर आत्याबाई आमच्या यांना सांगत होत्या, सुनेच्या बापानं केवढे दुधी आणलेत बघ. मी घाईघाईनं पिठलं घोटलं, सगळ्यांना तेच वाढलं. आत्याबाईंनी विचारलंच, "आन् दुधी?" मी म्हटलं, "आटून थोडाच झाला, आत्याबाई. मायारचा हाय, मी खाते." सगळे हसले. टाकून देता आला असता का मला? उकिरडा मागच्या दारातच, आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर. आणि एकदा का कळलं की व्याह्यानं एवढ्या मिजाशीत कडू भाजी आणली, तर पुढच्या दहा पंचम्या मला ते ऐकावं लागलं असतं. ही पंचमी तर गेलीच असती.

मग मी जेवायला बसले, आणि आत्याबाई समोर सुपारी कातरत बसल्या. त्या दिवशी त्या भारी खुशीत होत्या. "बघू गं, मायारची भाजी कशी ग्वाड लागती." मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, फोडी दाबल्या, वर ठेचा घेतला आणि गिळलं. हसून. दुसरा घास. पोटातनं कळ आली, डोळ्यांत पाणी. "ठेचा झोंबला," म्हटलं. तेवढ्यात आत्याबाईंनी हात पुढं केला, "आण की एक फोड. बघू तुझ्या बापाचा दुधी." आबा, मी ताट पदराआड ओढलं आणि उरलेला सगळा दुधी दोन घासांत तोंडात कोंबला. लहान पोर कोंबतं तसा. आत्याबाईंचा हात तसाच राहिला. "अगं बया, काय हावरी हाय ही!" त्या दुखावल्या. मी भांडं पाण्याखाली धरलं, घासलं, पालथं घातलं. वाटलं, सुटले.

उन्हं कलायच्या आत मी गोठ्याच्या भिंतीला धरून ओकत होते. आधी पाणी, मग रक्त. दुधाच्या गाडीत घालून मला इंदापूरला नेलं आणि तिथनं बारामतीला. मधलं मला काही आठवत नाही, कॅनचा खडखड आवाज तेवढा आठवतो. डोळे उघडले तेव्हा हातात सलाईन आणि डॉक्टर वाकून विचारत होते, "औषध प्यालीस का बाळ? कुठलं औषध? फवारणीचं?" माझी जीभ लाकूड झालेली. मी मान हलवायला बघतेय आणि ती हलत नाहीये. डॉक्टर मागं वळून कुणाला तरी म्हणाले, "विषबाधाच दिसतेय. पोलिसांना कळवावं लागेल." डेअरीच्या फोनवर तुम्हाला निरोप मिळाला होता. तुम्ही दारातच उभे होतात. वस्तीतले बाप्येही तुमच्याबरोबर, काहींच्या हातात काठ्या. विषबाधा हा शब्द तुम्ही ऐकलात. नवी नवरी, सासरी, रक्त ओकते, आणि घरात दुसऱ्या कुणाला काही झालेलं नाही. कुणीही तेच धरलं असतं.

तुमचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "माझ्या लेकीला औषध पाजलं ह्यांनी! पंचमीला पाठवतो म्हंता आन् हिकडं मारता?" व्हरांड्यात नुसता गिल्ला झाला. हे मध्ये पडले तर कुणीतरी यांची गचांडी धरली. हवालदार आला, जबाब घ्यायला लागला. आणि ती तिखट जिभेची बाई, आबा, भिंतीला टेकून खाली बसली. "म्या न्हाय वो... हिनं खाल्ली तीच भाकरी आमी समद्यांनी खाल्ली... बिरोबाची आण, म्या न्हाय." शेजारच्या खाटेवरच्या बाईला पथ्याचं जेवण आलं होतं. दुधीची भाजी, पातळ, बिनतिखटाची. मला त्या वासानं पुन्हा उमळून आलं आणि तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं. दुधी! आजाऱ्याला देतात तो दुधी. त्यानं माणूस मरतं, हे डॉक्टरच्या मनात येईना, पोलिसाच्या येईना, माझ्या तरी कुठनं येणार? पण मी दुसरं वेगळं काही खाल्लंच नव्हतं.

मी खरं बोलले तर आत्याबाई सुटत होत्या. पण तेच बोलणं तुमच्यावर पडणार होतं, चारचौघांत, तुमच्याच वस्तीसमोर. मी डोळे मिटून पडून राहिले. एक क्षण वाटलं, मरूनच जावं, म्हणजे कुणालाच काही सांगायला नको. तेवढ्यात हवालदार आत्याबाईंना म्हणाला, "चला, उठा. चौकीवर यावं लागंल." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मारणारी बाई असं बघत नाही. माझ्या तोंडातनं निघालंच, "आबा, आत्याबाईंनी काय न्हाय केलं. दुधी कडू हुता."

तुम्हाला आधी कळलंच नाही. "कंचा दुधी?" आणि मग, "आपला?" आमचे हे घरी जाऊन उरलेले दुधी घेऊन येईपर्यंत हवालदार तिथंच बसून राहिला. यांनी पिशवी पुढं केली. तुम्ही दुधी गुडघ्यावर आपटून मोडलात आणि कचकन चावा घेतलात. सगळे बघतायत. तुमचा चेहरा, आबा! मी खाटेवरनं बघतेय आणि तुमच्या चेहऱ्यावरनं रक्त उतरत चाललंय. डॉक्टर ओरडले, "अहो बाबा, थुंका! थुंका आधी!" तुम्ही थुंकलात. हातातल्या तुकड्याकडं बघत राहिलात. मग आत्याबाईंपुढं जाऊन दोन्ही हात जोडलेत, फेटा खाली ठेवलात. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "म्या मागितला, तर हिनं ताट वढलं वो. मला वाटलं, हावरीच हाय." आणि मग त्यांनाच ते उमगलं. हमसून हमसून रडायला लागल्या. मला नंतर पोटच्या पोरीसारखं वागवलं त्यांनी, मरेपर्यंत. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

तुम्ही मात्र रडायलाही थांबला नाहीत. एकदम ताठ झालात. "सगळ्या लेकींना गेलाय," एवढंच म्हणालात. वस्तीतल्या बाप्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काठ्या तिथंच टाकून सगळे धावले. कुणाची लेक पणदऱ्याला, कुणाची कोऱ्हाळ्याला, कुणाची पार भिगवणच्या अंगाला. एक जीप ठरवलीत आणि दारोदार फिरलात. मी खाटेवर पडून सलाईनचे थेंब बघतेय, आणि डोळ्यांसमोर एकेक पोरगी. माझ्याबरोबर विहिरीत पोहायला शिकलेल्या सगळ्या. एकीला तर दिवस गेलेले. देवा, एक जरी गेली असती, तर तुम्ही जगला नसता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. दाढीचे खुंट, डोळे लाल. स्टुलावर बसलात. "कुणाला काय झालं न्हाय," म्हणालात. मी हुश्श केलं. पण तुमच्या चेहऱ्यावर काही सुटका दिसेना. मग तुम्ही हळूहळू सांगितलंत. काहींचे दुधी गोड निघाले, मधमाश्यांनी कुंपणावरच्या कडू वेलाचे परागकण आणले आणि एकाच फळात दोन्ही बी धरलं म्हणे, तसं नंतर शेतकी खात्याच्या साहेबांनी समजावलं. जिथं कडू निघाले तिथं टाकून दिले. एकीनं म्हशीपुढं टाकला, तर म्हशीनं तोंड फिरवलं. एकीनं तुम्हाला दारातच हसून सांगितलं, "आबा, अवो इख पाठवलंसा की! म्या पहिल्या घासालाच थुकलं." तिची सासू पण हसली म्हणे. कुणी काही मनाला लावून घेतलं नाही. कुणाचं माहेरपण अडलं नाही. "समद्यांनी टाकला गं," तुम्ही म्हणालात, "मग तूच का खाल्लास?"

मी तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटत होतं की मी तुमची अब्रू राखलीय. आणि बाकीच्या पोरींनी तीच हसत हसत उकिरड्यावर टाकली होती, तरी कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. हा धक्का, आबा, रक्त ओकण्यापेक्षा मोठा होता. अजून आहे. म्हणून तर आज बादलीत तो दुधी धप्पकन पडला तेव्हा माझं काळीज हललं.

तुम्ही सगळ्या वस्तीचे वेल उपटलेत, गोड-कडू न बघता. कुंपणावरचा वेलही मुळासकट काढलात. पुढच्या मृगाला म्हणे तुम्ही अंगणात राख टाकायलाच तयार नव्हता, लोकच येऊन गुमान उकिडवे बसले. मग तुम्ही उठलात आणि आधी सगळ्या रानांभोवती कुंपण काढलंत, आणि त्यानंतर विहीर. दुधी, दोडका, काकडी, वेलाचं बी घरचं धरायचं नाही असं ठरवलंत. आणि पहिला तोडा ज्यानं पिकवला त्यानंच आधी खायचा. एक म्हातारा कुरकुरला, "देवाला उष्टं घालायचं व्हय आबा?" तुम्ही म्हणालात, "देवाला कडू चालंल. लेकीला न्हाय चालत." हे मला चुलत्यानं सांगितलं, तुम्ही नाही.

आणि त्या पावसाळ्यात तुम्ही माझ्याकडं आलात. अजून पोरबाळ नव्हतं मला. गवार आणली होती. ओट्यावर न बसता सरळ चुलीपाशी आलात, मांडी घातलीत आणि म्हणालात, "वाढ." आत्याबाई चपापल्या. "अवो आबा, रीत..." "रीतीनंच मेली असती माझी पोर," तुम्ही म्हणालात. "लेक खाती का न्हाय ते बापानं बघाया नगं?" मी गवार फोडणीला टाकली. मीठ घातलं. गडबडीत आत्याबाईंनीही घातलं, मला न सांगता. तुमच्या ताटात पहिली भाजी पडली आणि तुम्ही पहिला घास घेतलात. तुमचा जबडा जरासा थांबला. डोळ्याची पापणी लवली. मग गिळलात. आत्याबाईंनी विचारलं, "कशी झालीया?" तुम्ही म्हणालात, "झकास! लेकीच्या हाताला तिच्या आईची चव हाय." आणि भाकरी मागितलीत, आणि एक तांब्या पाणी.

तुम्ही मला त्यानंतर कधीच विचारलं नाहीत, तो दुधी का खाल्लास म्हणून. मीही ती गवार कशी होती हे कधी काढलं नाही. पण आबा, मला कळलं होतं. तुमचा जबडा थांबला तेव्हाच कळलं होतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, राहू द्या, खारट झालीय, टाका ती. नाही म्हटलं. तुम्ही माझ्या घरात, माझ्या हातचं, मान खाली घालून जेवत होता, आणि मला आयुष्यात कधी नव्हे एवढं बरं वाटत होतं. म्हणून मी कढईत पळी घातली आणि तुम्हाला अजून वाढलं.